पाचवा रकाना

पांढुर्णा
रविवार, ७ जुलै १९८५

ती. दादास,
शकूचा सविनय जयभीम. वि. वि.

आधी माफी मागते. मे महिन्यात डॉक्टरीच्या प्रवेशाचे, पीएमटीचे पेपर झाले, प्रेमाला मी सौंसरच्या बसमध्ये बसवून दिलं, आणि त्यानंतर माझं एकही पत्र तुला नाही. तुझी दोन कार्डं येऊन पडली आहेत. वहिनीला वाटत असेल की भाची दोन वर्षं शिकायला ठेवून घेतली आणि आता आत्या पाय पसरून बसली. तसं नाही. पोरगी गेल्यापासून मी भाजी अजून दोघींपुरतीच करते आणि दुसऱ्या दिवशी शिळी खाते. तब्येतही बरी आहे. लिहिलं नाही, कारण जे लिहायला हवं होतं त्याची हिंमत होत नव्हती, आणि ते वगळून पावसापाण्याचं लिहिलं असतं तर ते पत्र खोटं झालं असतं.

आज लिहिते. प्रेमाचा फॉर्म मी भरला हे तुला माहीत आहे. ती माझ्याकडे राहत होती म्हणून पालकाची सहीही माझीच आहे. पहिले चार रकाने सरळ होते, नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता. पाचवा धर्माचा. त्यात मी बौद्ध लिहिलं. सहाव्यात अनुसूचित जाती लिहून तुझा जातीचा दाखला जोडला. जोडताना दाखल्यावर नजर गेली. त्यात धर्म हिंदू लिहिलेला आहे. मी तो वाचला, टाचणी लावली आणि पाकीट बंद केलं.

त्या वेळी मला त्यात काही अडचण दिसली नाही. नागपूरला कॉलेजात असताना स्कॉलरशिपच्या फॉर्मवर मी बौद्धच लिहीत होते आणि ते चालत होतं. नागपूर इथून किती लांब, सकाळच्या गाडीने जाऊन दुपारी परत येता येतं. पण ते महाराष्ट्रात, आपण मध्य प्रदेशात, मध्ये राज्याची हद्द आहे, आणि तिकडे चालतं ते इकडे चालेलच असं नाही, हे मला सुचलं नाही. आणि मी मुलांना भूगोल शिकवते.

मग आमच्या स्टाफरूममध्ये मनोहर सरांशी विषय निघाला. ते आपल्यातलेच. ते म्हणाले, बाई, घरी भिंतीवर कोणाचा फोटो लावायचा तो लावा, पण फॉर्मवर हिंदू लिहा, इकडे बौद्ध लिहिलं की राखीव जागेत धरत नाहीत, सगळ्यांच्या यादीत टाकतात. नियम कुठे छापला आहे ते त्यांना दाखवता आलं नाही. पण त्यांच्या बोलण्याने माझी झोप गेली. राखीव यादीत प्रेमाला जबलपूरचं जनावरांच्या डॉक्टरीचं कॉलेज मिळण्यासारखं आहे. सगळ्यांच्या यादीत तिचा नंबर लागेल की नाही, देव जाणे, असं म्हणायचीही आपल्याला सोय नाही.

रोज स्वतःला विचारते, मी ते खरेपणाने लिहिलं की ताठ्याने? स्वतःच्या फॉर्मवर माणसाने हवं तेवढं ताठ राहावं. हा फॉर्म प्रेमाचा होता. तिला मी विचारलंही नाही, सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं.

तू रागावशील. रागाव, पण उत्तर दे. वहिनीला जयभीम, प्रेमाला आशीर्वाद. होती तेवढी माया राहू दे.

तुझी बहीण,
शकुंतला


सौंसर
शनिवार, १३ जुलै १९८५

चि. शकूस,
दादारावचा जयभीम व आशीर्वाद.

पत्र पावलं. दवाखान्यात बसून वाचलं, घरी नेलं नाही. तुझ्या वहिनीला अक्षर येत नाही, कोणतंही पत्र घरी आलं की ती प्रेमाला पुढे बसवून वाचून घेते आणि मध्येमध्ये रडते. म्हणून हेही दवाखान्यातूनच लिहून राहिलो. समोर एक म्हैस बांधली आहे, पायाला पट्टी करायची आहे, आणि तिचा मालक माझ्या तोंडाकडे पाहून राहिला.

मला राग आला, लपवत नाही. तू बी. ए. आहेस, मी जनावरांच्या जखमा धुतो, पण दफ्तराचं काम तुझ्यापेक्षा मी जास्त पाहिलं. दफ्तरात माणूस पाहत नाहीत, कागदाला कागद जुळतो का ते पाहतात.

आता एक गोष्ट सांगतो. ती तुला सांगायची नव्हती. छप्पन साली आपले बापूजी नागपूरला जाऊन आले, घरातले देव कन्हान नदीत सोडले, हे तू पाहिलं. एकसष्ट साली माझ्या नोकरीचा अर्ज भरायचा होता, तेव्हा तू शिकायला नागपूरला होतीस. मी बौद्ध लिहायला पेन टेकवलं, तर बापूजींनी माझा हात धरला. म्हणाले, हिंदू लिही, नोकरी हातची जाऊ द्यायची नाही. माझा दाखला त्या दिवसाचा आहे. सौंसरहून नदीकाठच्या रामाकोन्यापर्यंत आम्ही पायी गेलो. कन्हानच्या पाण्याशी बसून खूप वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, शकूला हे सांगू नको, तिला तरी सरळ राहू दे. तेव्हा तुझं सरळपण कोणी सांभाळलं ते समजून घे. टोमणा म्हणून लिहीत नाही. थोडा टोमणा आहेच.

आता काम. इथल्या बड्या बाबूंना मी नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले की मुलाखतीच्या आधी पालकाने शपथपत्र दिलं तर फॉर्म दुरुस्त धरतात. मी कोर्टाजवळच्या कवडू टायपिस्टकडून टाइप करून घेतलं, सोबत पाठवून राहिलो. त्यात असं आहे की पाचव्या रकान्यात अनवधानाने बौद्ध लिहिले गेले, ते हिंदू असे वाचावे. फॉर्मवर सही तुझी, म्हणून शपथही तुलाच घ्यावी लागते. माझी चालली असती तर तुला विचारलं नसतं.

प्रेमाला काही कळू देऊ नको. ती निकालाची वाट पाहून पाहून अर्धी झाली. पोस्टमनची सायकल कोपऱ्यावर आली की हिला घरातून कळते. जेवण सोडून फाटकाशी जाते, आणि तो रिकाम्या हाताने पुढे गेला की परत येऊन तोच घास खाते. तुझी वहिनी म्हणते, एवढी वाट तर मी माझ्या लग्नाच्या वरातीची पाहिली नव्हती. काल दवाखान्यात एक गाय आणली होती, व्यायल्यावर वार अडकलेली. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर. प्रेमाने गायीचं तोंड धरून तिला अशी शांत केली की माझं काम निम्म्या वेळात झालं. मालक म्हणे, दादाराव, पोरगी कुठे द्यायची नाही, इथेच ठेवा. मी म्हटलं, पहिले जबलपूरला तर जाऊ दे.

सही करून लवकर पाठव. प्रकृतीला जप. तुझ्यावरचा राग संपला की पुन्हा लिहीन, आणि तो तसा संपतच आला आहे.

तुझा,
दादा


पांढुर्णा
रविवार, २१ जुलै १९८५

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

आधी चांगली बातमी. जबलपूरचं हिंदी वर्तमानपत्र इथे एक दिवस उशिरा येतं. गुरुवारी सकाळी स्टेशनवरच्या स्टॉलवर गेले, गठ्ठा सुटायच्या आधीपासून उभी होते. निकालाचे आकडे इतके बारीक छापले होते की शाळेतली पट्टी ओळीखाली धरून वाचले. प्रेमाचा नंबर आहे. तीन वेळा पाहिला, मग स्टॉलवाल्याला वाचायला लावला, कारण माझ्यावर माझा विश्वास नाही. मुलाखतीचं बोलावणं माझ्या पत्त्यावर येईल, आलं की त्याच दिवशी बसवाल्याच्या हाती देते. पण नंबर कोणत्या यादीत लागेल ते मुलाखतीनंतरच ठरेल. म्हणजे काळजी संपली नाही, फक्त जवळ आली.

आता दुसरं. शपथपत्र सही करून सोबत पाठवत आहे.

बापूजींची गोष्ट तू चोवीस वर्षं पोटात ठेवलीस. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी वर्गात नकाशा उघडायची आणि काय सांगायचं ते विसरायची. मला नेहमी वाटत आलं की बापूजींची खरी मुलगी मी, आणि तू जरा वाकणारा. हे मी तुला कधी बोलले नाही, पण तुला ते जाणवत असणार. घरात जाणवतंच. त्याबद्दल कोणत्या शब्दात माफी मागावी ते मला अजून सापडलेलं नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर नोटरी वकिलांकडे गेले. त्यांनी मला विचारलं की यातलं सगळं खरं आहे ना. मी हो म्हटलं. त्यांनी शिक्का मारला, पुढच्या माणसाला बोलावलं. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. घरी येताना स्वतःला समजावत होते की बापूजींनी केलं तेच मी केलं, पोरीसाठी केलं. पण तेवढ्याने समाधान झालं नाही. बापूजींनी हिंदू लिहायला सांगितलं, पण आधी केलेलं चुकून झालं असं ते कधी म्हणाले नाहीत. मी म्हटलं आहे. कवडूने टाइप केलेला तो एकच शब्द मला बोचतो. मी बौद्ध लिहिलं ते अनवधानाने लिहिलं नव्हतं. चांगलं सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

असो. पोरीचं भलं होऊ दे. तिला काही सांगितलं नाही, तू म्हणालास तसं. तेही मला बरोबर वाटत नाही, पण या महिन्यात मला बरोबर वाटण्यावरून काही ठरवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

वहिनीला जयभीम. तुमच्या दोघांच्या मायेत माझी जागा धरून ठेवा.

तुझी,
शकू


सौंसर
मंगळवार, २० ऑगस्ट १९८५

ती. आत्याबाईस,
प्रेमलताचा सविनय जयभीम. वि. वि.

जबलपूरहून मी आणि बाबा रविवारी पोचलो. छिंदवाड्यापर्यंत बसमध्ये उभं राहून आलो, बाबांचे पाय सुजले आहेत आणि ते बैलाचा लेप स्वतःला लावून बसले आहेत. आई म्हणते, आता घरातलाच पेशंट झाला.

आत्याबाई, आधी एक सांगते. मला सगळं माहीत आहे. तुमचं जुलैचं दुसरं पत्र बाबांनी शर्टाच्या खिशात विसरलं. आईने शर्ट धुवायला घेतला, पत्र निघालं, आणि नेहमीसारखं मला पुढे बसवलं. मी पहिली ओळ वाचली आणि थांबले, तर आई म्हणाली, वाच, तुझ्या आत्याने काही चोरीचं लिहिलं नसेल. मग सगळं वाचलं. आई ऐकून घेऊन म्हणाली की ही दोघं बहीणभाऊ एका शब्दावर महिनाभर झुरून राहिले, पण पोरीला जबलपूरच्या थंडीत पांघरायला काय द्यायचं हे कोणी विचारलं नाही. मग ती गोधडी शिवायला बसली. ती अजून शिवूनच राहिली.

फॉर्म भरताना तुम्ही मला विचारलं नव्हतं. पण सही करायच्या आधी मी फॉर्म पूर्ण वाचला होता. तुम्ही स्टोव्हला पिन करत होता. पाचव्या रकान्यात बौद्ध वाचलं आणि मला ते बरोबर वाटलं, म्हणून सही केली. दाखल्यात काय आहे ते तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय केलं असतं, खरंच सांगता येत नाही. मला जबलपूरला जायचंच आहे. इतकं जायचं आहे की कधीकधी वाटतं काहीही लिहावं.

आता मुलाखत. टेबलापलीकडे चार जण होते. जनावरांची डॉक्टरी का, असं विचारलं. मी वार अडकलेल्या गायीचं सांगितलं, तर एक साहेब पुढे वाकून ऐकू लागले. गाय कुठे धरली, बाबांनी हात किती आत घातला, सगळं विचारलं. मला सगळं आलं. ते हसले आणि बाकीच्यांना म्हणाले की लडकी डरती नहीं है. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांच्यातल्या एका वयस्क साहेबांनी गप्पा मारल्यासारखं विचारलं की तुमच्या सौंसरकडे दसरा कसा असतो, रामलीला वगैरे होते का. मी इतकी मोकळी झाले होते की सरळ सांगितलं, आम्ही दसऱ्याला घरी नसतो, भाकरी बांधून छोट्या रेल्वेगाडीने सगळे नागपूरला जातो.

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. दसऱ्याला आपल्यातली माणसं नागपूरला कशाला जातात हे तिथे कोणाला माहीत नसेल? आणि फाइलमध्ये सगळ्यात वर तुमचं शपथपत्र होतं, हिंदू असे वाचावे. एकाने चष्मा काढला. मग त्याच वयस्क साहेबांनी विचारलं की नागपूरला कुठे. आवाज रागाचा नव्हता. मामाकडे असं म्हणता आलं असतं, ते जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, दीक्षाभूमीला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

पहिलं उत्तर चुकून गेलं, आत्याबाई. दुसरं चुकून गेलं नाही. तुम्ही माझ्यासाठी शपथ घेतली आणि मी तिथे असं बोलून आले, याचं मला फार वाईट वाटतं. बाबांना बाहेर येऊन सांगितलं, तर त्यांनी बेंचवरची पिशवी उचलली. मग म्हणाले, चल, काहीतरी खाऊन घे. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही, पण ते रागावलेले नाहीत. त्यांना जनावराचं दुखणं कळतं, स्वतःचं सांगता येत नाही, असं आई म्हणते.

तुमच्या पत्त्यावर काही आलं तर लगेच कळवा. मला ओरडायचं असेल तर पत्रातून ओरडू नका, आई माझ्याकडूनच वाचून घेईल. आले की समोर ओरडा, आणि मग नेहमीसारखा चहा द्या.

तुमची,
प्रेमा


पांढुर्णा
रविवार, ८ सप्टेंबर १९८५

ती. दादास,
शकूचा सविनय जयभीम. वि. वि.

कॉलेजचं रजिस्टर पत्र आलं त्याच दिवशी मी तुला निरोप पाठवला होता, आणि तुझं उत्तर घेऊन प्रेमा काल दुपारच्या बसने इथे पोचली. सोबत गोधडीही आहे. वहिनीने ती अखेर पुरी केली. प्रवेश मिळाला नाही तर ती मलाच ठेवून घ्यायची असा वहिनीचा निरोप आहे. तो प्रेमाने मला हसतच सांगितला, पण गोधडी हातातून खाली ठेवली नाही.

पत्रात काय आहे ते नीट लिहिते. गुरुवारी, बारा तारखेला, उमेदवाराने मूळ कागदपत्रांसह हजर राहावं, आणि शपथपत्र करणाऱ्या पालकाने स्वतः सोबत यावं. माहिती खोटी आढळल्यास प्रवेशाचा विचार होणार नाही. म्हणजे प्रवेश नाकारलेला नाही आणि दिलेलाही नाही. मला तिथे बोलावून विचारणार आहेत, पाचव्या रकान्यात मी जे लिहिलं ते चुकून होतं का.

तू लिहिलंस की मान खाली घालून हो म्हण, एका शब्दाचा प्रश्न आहे, पोरीचं आयुष्य लागलं आहे. दादा, मी तुझ्या शब्दाचा विचार केला नाही असं समजू नको. कॉलेजचं पत्र आल्यापासून आठ दिवस हाच प्रश्न डोक्यात आहे. मी एकदा हो म्हणून पाहिलं आहे, नोटरीसमोर. ते माझ्याने निभावलं असतंही. पण त्यानंतर प्रेमा त्या चौघांपुढे उभी राहून दीक्षाभूमी म्हणाली. आता मी तिथे जाऊन चुकून म्हटलं, तर त्याच खोलीत तिला खोटं ठरवल्यासारखं होईल. माझ्या खरेखोटेपणाची गोष्ट मी बाजूला ठेवू शकले. तिची मला ठेवता येत नाही.

तेव्हा मी सांगणार आहे ते असं. फॉर्मवर लिहिलं ते जाणूनबुजून लिहिलं, कारण ते खरं आहे. शपथपत्रावर सही केली ती भीतीने केली. आमची जात दाखल्यात आहे तीच आहे, ती बदललेली नाही, आणि धर्म फॉर्मवर आहे तो आहे. दोन्हीचं काय करायचं ते तुमच्या नियमात बघा. खोट्या शपथेची शिक्षा असेल तर ती मला द्या. नोकरीवर काही आलं तर येवो. ते येणार नाही असं मनोहर सर म्हणतात, पण ते सांगतात त्या नियमांवर आता मी फार विसंबत नाही. त्यांचं आणखी एक म्हणणं आहे की मुलाखतीत गुण चांगले पडले असतील तर सगळ्यांच्या यादीत शेवटाकडे का होईना तिचा नंबर लागू शकतो. लागेल का? मला माहीत नाही. रोज मनातल्या मनात यादी लावते आणि ती रोज वेगळी येते.

हे सगळं मी या वेळी प्रेमाला विचारून ठरवलं. काल तिच्यासमोर बसून म्हटलं की तू नको म्हणालीस तर मी चुकून म्हणेन, आणि पुन्हा त्याचा विषय काढणार नाही. ती बराच वेळ गोधडीचा दोरा ओढत बसली. रडलीही. मग म्हणाली की आत्याबाई, तुम्ही बोला, मी शेजारी उभी राहते. फक्त एक अट घातली. मुलीला काही माहीत नव्हतं असं मी म्हणायचं नाही, कारण तिला माहीत होतं. मी तिला वाचवायला नेमकं तेच वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. ते सोडून दिलं.

आम्ही मंगळवारी दुपारी इथून इटारसीच्या गाडीत बसू, आणि तिथून जबलपूर. शनिवारी पोळा आहे, त्याच्या आधी परत येऊ. जे होईल ते तारेने कळवते. तू दवाखान्यातच थांब, तार तिथेच करते, म्हणजे वहिनीला तू स्वतः सांगशील. या वेळी मी बापूजींची मुलगी म्हणून जात नाही, तुझी बहीण म्हणून जाते. तू त्या दिवशी अर्जावर काय लिहिलंस, त्याला मी पुन्हा कधी वाकणं म्हणणार नाही. रागावलास तरी सोडून देऊ नको.

तुझी,
शकुंतला

ता. क. उद्याचं काम एकच, डायरीत लिहून ठेवलं आहे: हेडमास्तरांना रजेचा अर्ज देणे, आणि कारणाच्या जागी तब्येत न लिहिता जे आहे ते लिहिणे.